शब्द खरोखर मनावर सत्ता गाजवतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबाग, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांतील मराठी पालक, शिक्षक आणि घरची वडीलधारी मंडळी यांच्याशी मनाच्या आरोग्याविषयी बोलणे निघाले की काही प्रश्न हमखास येतात. ते येथे उत्तरांसह दिले आहेत. उत्तरांना प्रकाशित संशोधनाचा आधार आहे आणि जेथे ते संशोधन कच्चे किंवा वादग्रस्त आहे तेथे तसे म्हटले आहे. इंदूरची उदाहरणे रोजच्या कानावरची आहेत.

शब्दांत शक्ती असते हे खरे, की ते नुसते सुभाषित आहे?

खरे आहे, पण ती शक्ती बहुतेकांना वाटते त्या जागी नसते. शब्द ऐकणाऱ्याचे लक्ष एका बाजूला वळवतो आणि पुढे काय घडणार याची अपेक्षा त्याच्या मनात तयार करतो. जेथे परिस्थिती संदिग्ध असते आणि बोलणाऱ्याचा ऐकणाऱ्यावर अधिकार किंवा जिव्हाळा असतो, तेथे याचा परिणाम मोजता येण्याइतका मोठा होतो. तेच शब्द एखाद्या अनोळखी माणसाने, डोळ्यांसमोर स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टीविषयी उच्चारले तर ते फारसे काही करू शकत नाहीत. कावळ्याच्या शापाने गुरे मरत नाहीत असे आपण म्हणतो, आणि शाप देणारा कावळा आहे म्हणूनच ते खरे ठरते. तोच शाप बापाने मुलाला दिला तर काय होते, हा प्रश्न त्या म्हणीच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि पुढील उत्तरांत बराचसा त्याचाच विचार केला आहे.

काही अक्षरांच्या किंवा ध्वनींच्या उच्चारातच चांगला-वाईट परिणाम दडलेला असतो का?

इंदुरातील मराठी मुलाला याचे उत्तर पहिली-दुसरीतच मिळते. घरी ‘शिक्षा’ म्हणजे कोपऱ्यात उभे राहणे किंवा हातातला मोबाइल काढून घेतला जाणे; शाळेच्या हिंदी पुस्तकात आणि जिल्हा कार्यालयाच्या पाटीवर तोच शब्द शिक्षणासाठी येतो. घरातला ‘राग’ आणि गाण्याच्या वर्गातला ‘राग’ यांतही त्याची गल्लत होत नाही. मूल दिवसभर या अर्थांमध्ये ये-जा करते आणि ‘जिला शिक्षा अधिकारी’ हे नाव ऐकून त्याच्या पोटात गोळा येत नाही. परिणाम ध्वनीतच असता, तर तो दोन्ही ठिकाणी सारखा झाला असता.

जपाचा प्रश्न यालाच जोडून येतो. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २३ निरोगी प्रौढांनी एकदा लॅटिन भाषेतील ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हटली आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयीत हितकर बदल दिसले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, अर्थ वेगळे. सारखी होती ती संथ, ठरावीक लय. जपामागच्या श्रद्धेचा विषय निराळा आहे आणि त्यात ढवळाढवळ करण्याचे येथे कारण नाही.

ज्या गोष्टीसाठी भाषेत शब्दच नाही, तिचा विचार ती भाषा बोलणाऱ्यांना करता येत नाही का?

करता येतो. ‘भाषा म्हणजे विचारांचा तुरुंग’ हे मत बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) यांच्या नावाने ओळखले जाते. हे गृहस्थ अमेरिकेत आगविमा कंपनीत अभियंता होते आणि भाषांचा अभ्यास ही त्यांची आवड होती. आगींची कारणे तपासताना त्यांच्या लक्षात आले की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात, पण ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बिनदिक्कत सिगारेट ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात उरलेली वाफ अधिक स्फोटक असते. ‘रिकामे’ या शब्दाने कामगारांना बेसावध केले, हे त्यांचे निरीक्षण आजही पटते. पुढे मात्र त्यांनी असा दावा केला की होपी या मूलनिवासी जमातीच्या भाषेत काळ दर्शवणारे शब्द व रूपे नाहीत आणि म्हणून त्या लोकांची काळाची कल्पनाच वेगळी आहे. एकेहार्ट मालोत्की यांनी १९८३ साली याच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहून होपी भाषेतील कालवाचक शब्दांची व रचनांची रासच समोर मांडली.

खरे तर त्यासाठी होपी लोकांपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. म्हणून राजवाड्याजवळचा व्यापारी कालची उधारी उद्यावर टाकून विसरत नाही, आणि ‘कल आना’ असे म्हणणाऱ्या शिंप्याला ते कोणते ‘कल’ हे पक्के माहीत असते. (कपडे तेव्हा तयार नसतात, ही गोष्ट वेगळी.)

तरीही भाषेचा थोडा प्रभाव उरतोच. रशियन भाषेत गडद निळा आणि फिकट निळा या रंगांना दोन स्वतंत्र मूळ नावे आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रशियन भाषकांना या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा वेगळ्या ओळखायला किंचित कमी वेळ लागला, इंग्रजी भाषकांत तसा फरक दिसला नाही; आणि प्रयोग चालू असताना रशियन भाषकांना मनात आकडे घोकायला लावले तेव्हा त्यांचा हा फायदा नाहीसा झाला. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषेत डावे-उजवे म्हणण्याऐवजी पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असेच म्हणण्याची रीत आहे, त्यामुळे ती बोलणाऱ्यांना दिशांचे भान सतत ठेवावे लागते आणि ते विलक्षण पक्के असते. याचा अर्थ इतकाच, की भाषा जे रोज सांगायला लावते त्याकडे लक्ष देण्याची सवय जडते. जे ती सांगायला लावत नाही, त्याचाही विचार करता येतोच.

तीच माहिती वेगळ्या शब्दांत सांगितली तर शहाणी माणसेही वेगळा निर्णय घेतात का?

घेतात, आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत भक्कम पुरावा येथे आहे. १९८१ साली एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी लोकांपुढे एक काल्पनिक साथ मांडली, जिच्यात ६०० माणसे दगावण्याची भीती आहे. एका गटाला सांगितले, की पहिला उपाय केल्यास २०० जण नक्की वाचतील. दुसऱ्या उपायात सगळे वाचण्याची शक्यता एकतृतीयांश आणि कोणीही न वाचण्याची दोनतृतीयांश आहे. ७२ टक्के लोकांनी पहिला उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तोच पहिला उपाय ‘४०० जण नक्की मरतील’ अशा शब्दांत सांगितला, तेव्हा तो निवडणारे २२ टक्केच निघाले. ६०० मधून २०० वाचणे आणि ४०० मरणे या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे कागदावर कोणालाही दिसते; निर्णय घेताना दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उपचारांबाबत असाच अभ्यास झाला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात ९० टक्के रुग्ण जिवंत असतात असे सांगितलेल्या डॉक्टरांपैकी ८४ टक्के शस्त्रक्रियेच्या बाजूने होते. पहिल्या महिन्यात १० टक्के रुग्ण दगावतात असे सांगितल्यावर तिच्या बाजूचे निम्मेच राहिले. हे डॉक्टर होते, आकड्यांशी रोजचा संबंध असलेले.

घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरत असताना याचा थेट उपयोग करता येतो. एम. वाय. रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग असो की खासगी नर्सिंग होम, आठ-दहा नातेवाईक डॉक्टरांभोवती जमतात, एकाच्या कानात ‘यशस्वी होण्याची शक्यता चांगली आहे’ एवढेच राहते, दुसऱ्याच्या कानात ‘धोका आहे’ एवढेच, आणि जिन्यावर येईपर्यंत घरात दोन तट पडलेले असतात. अशा वेळी “अशा शंभर रुग्णांपैकी किती बरे होतात आणि किती होत नाहीत, दोन्ही आकडे सांगा, डॉक्टरसाहेब,” असे स्पष्ट विचारावे आणि ते एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहून घ्यावेत. उत्तर देताना डॉक्टर चिडले, तर तीही एक माहितीच समजावी.

प्रश्न कसा विचारला यावर आठवण बदलू शकते का?

बदलू शकते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताच्या फिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदलले होते. गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचे क्रियापद ऐकलेल्यांनी सरासरी वेग ताशी ४० मैलांहून थोडा अधिक सांगितला, तर ‘एकमेकींना लागल्या’ असे सौम्य क्रियापद ऐकलेल्यांनी ३२ मैलांच्या आसपास. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्यानंतर विचारले, की फुटलेली काच पाहिल्याचे आठवते का. फितीत काच फुटलेली नव्हतीच. तरीही आदळण्याचे क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी ‘हो’ म्हटले. साधे क्रियापद ऐकलेल्या ५० जणांत असे सातच होते.

आता पलासिया चौकात एखादी रिक्षा आणि दुचाकी यांची गाठ पडल्यावर जमलेल्या गर्दीचे बोलणे आठवून पाहा. एक जण म्हणतो “रिक्षावाल्याने उडवला”, दुसरा म्हणतो “घासून गेली”, तिसरा उशिरा येऊन विचारतो “किसने ठोका?” आणि त्या एका प्रश्नाने कोणीतरी कोणाला तरी ठोकले हे आधीच ठरून जाते. पोलीस येईपर्यंत तीन वेगवेगळे अपघात तयार असतात, आणि खोटे कोणीच बोलत नसते. न्यायालयात सरतपासणीच्या वेळी वकिलाने आपल्याच साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारला तर विरोधी बाजू हरकत घेते, त्यामागचे कारण हेच.

घरात असा विरोधी वकील नसतो. मूल शाळेतून रडत आले की “त्या अमक्याने मारलं ना तुला?” असे विचारण्याचा मोह आवरून “काय झालं?” असे विचारावे आणि मग थांबावे. लहान मुले मोठ्यांना हवे ते उत्तर द्यायला फार लवकर शिकतात.

“आता दुखेल हं” असे सांगितल्याने जास्त दुखते का?

होय. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४० गर्भवती स्त्रियांना पाठीतून भूल देण्यापूर्वी जागा बधिर करण्याचे इंजेक्शन द्यायचे होते. निम्म्यांना सांगितले, की आता ही जागा बधिर होईल आणि पुढे त्रास जाणवणार नाही. उरलेल्यांना सांगितले, की आता मोठी मधमाशी डसल्यासारखे वाटेल आणि हाच सर्वांत वाईट भाग आहे. सुई तीच, औषध तेच. पण शून्य ते दहा या मापावर पहिल्या गटाच्या वेदनेचा मध्यांक ३ आला आणि दुसऱ्याचा ५. येथे परिस्थिती संदिग्ध होती, सांगणारा डॉक्टर होता आणि ऐकणारी व्यक्ती आधीच ताणाखाली होती, म्हणून शब्दांना इतका जोर आला.

याचा अर्थ मुलाला “अजिबात दुखणार नाही” अशी थाप मारावी असा होत नाही. पहिल्याच टोचणीला ती उघडी पडते आणि पुढच्या वेळी तुमचा शब्द खपत नाही. काय होणार आहे आणि ते कशासाठी, एवढे शांतपणे सांगितलेले पुरते.

वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, म्हणून घरात अशुभ बोलू नये, यात काही तथ्य आहे का?

बोलल्याने घटना घडतात याला कोणताही आधार नाही. पण ही रूढी केवळ हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतात, बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असे म्हणतात, दिवा विझवायचा असला तरी तो ‘शांत’ करतात. हे सारे ऐकणाऱ्याच्या मनात नको ते चित्र उभे राहू नये म्हणून केलेले आहे, आणि तेवढे काम ते चोख करते. अडचण दुसरीकडे आहे. अशुभ बोलायचे नाही म्हणून घरात आजाराचे नाव घेतले जात नाही, मृत्युपत्राचा विषय निघत नाही, आजोबांना त्यांच्याच आजाराविषयी अंधारात ठेवले जाते, आणि मग ऐन वेळी कोणालाच काही ठाऊक नसते. रूढी जिभेपुरती राहावी. कागदपत्रे आणि तपासण्या तिच्यामुळे अडू नयेत.

मनातल्या भावनेला नाव दिल्याने ती खरोखर शांत होते का?

बऱ्याच अंशी होते. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली केलेल्या अभ्यासात, रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्याचे चित्र पाहताना त्या भावनेचे नाव निवडायला सांगितले असता मेंदूतील अमिग्डाला या भागाची सक्रियता कमी झालेली दिसली. भीतीच्या प्रतिक्रियेत या भागाचा मोठा वाटा असतो. २०१२ साली कोळ्याची भीती असलेल्या ८८ जणांवर प्रयोग झाला. जिवंत, मोठ्या कोळ्यासमोर उभे असताना काहींनी ‘मला या भयंकर कोळ्याची भीती वाटते आहे’ अशा अर्थाचे वाक्य उच्चारले, काहींनी ‘तो लहान आहे, मला काही करणार नाही’ असे स्वतःला समजावले. आठवड्यानंतर भीतीचे नाव घेणाऱ्यांच्या हाताला कमी घाम सुटला आणि ते कोळ्याच्या थोडे अधिक जवळ जाऊ शकले. भीती बोलून दाखवल्याने ती वाढेल, हा आपला सर्वसाधारण समज येथे उलटा पडतो.

आता आपल्याकडची अडचण. इंदुरात, हिंदीत काय आणि मराठीत काय, मनातल्या कोणत्याही त्रासाला ‘टेन्शन’ हा एकच शब्द वापरला जातो. एक नेहमीचे बोलणे पाहा. पन्नाशीच्या बाई सांगतात, “फार टेन्शन आहे.” कसले, असे विचारले तर म्हणतात, “असंच, सगळंच.” मग जरा वेळ दिला आणि विचारले, की ताई, पोटात खड्डा पडतो, की डोक्यात तिडीक जाते, की नुसतीच हुरहूर लागते? त्या थोड्या थांबतात. “तिडीक नाही हो. घालमेल होते. मुलगा पुण्याला गेल्यापासून रात्री फोन येईपर्यंत जीव खालीवर होतो. आणि सुनेसमोर मात्र कानकोंडं झाल्यासारखं वाटतं.” एका टेन्शनच्या जागी दोन स्वतंत्र गोष्टी उभ्या राहिल्या: एक काळजी, जिच्यावर फोनची वेळ ठरवून घेणे हा साधा उपाय आहे, आणि एक संकोच, ज्यावर तो उपाय लागू पडत नाही. मराठीत घालमेल, हुरहूर, चरफड, कानकोंडेपणा, उद्वेग, शिसारी, रुखरुख असे नेमके शब्द भरपूर आहेत. वापर नाही म्हणून ते गंजतात.

लिहिण्याचाही उपयोग होतो. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील अतिशय त्रासदायक अनुभवाविषयी लिहायला लावले. लिहून झाल्या-झाल्या त्यांना अधिक उदास वाटले, पण पुढील महिन्यांत दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. नंतरच्या शेकडो अभ्यासांचा गोषवारा सांगतो की असा लाभ होतो, पण सरासरीने तो लहान असतो. घटना अगदी ताजी असेल, किंवा लिहिताना तोच तो विचार गरगर फिरत असेल, तर लिहिणे थांबवून कोणाशी तरी बोलावे.

आरशासमोर “मी यशस्वी आहे, मी आनंदी आहे” असे रोज म्हटल्याने फायदा होतो का?

ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज वाटते, त्यांनाच तोटा होण्याची शक्यता आहे. जोआन वुड यांच्या २००९ सालच्या अभ्यासात स्वतःविषयी कमी आदर असलेल्या लोकांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे पुन्हा पुन्हा म्हटल्यावर त्यांना अधिक वाईट वाटले. ज्यांना स्वतःविषयी आधीच बरे वाटत होते त्यांना किंचित अधिक बरे वाटले. मन त्या वाक्याची तपासणी करते, आणि पुरावा नसेल तर ते बोलाची कढी, बोलाचा भात ठरते. “आज मी अर्धा तास चाललो” असे खरे आणि लहान वाक्य अधिक कामाचे.

भाताच्या दोन बरण्यांपैकी एकीशी प्रेमाने आणि दुसरीशी रागाने बोलल्यास दुसरीतला भात आधी नासतो, हे खरे आहे का?

नाही. ही कल्पना मासारू एमोतो या जपानी लेखकामुळे पसरली. पाण्याला चांगले-वाईट शब्द ‘ऐकवून’ गोठवल्यावर वेगवेगळे स्फटिक बनतात असा त्यांचा दावा होता, पण कोणत्या स्फटिकाचे छायाचित्र घ्यायचे याची निवड छायाचित्रकाराच्या हाती होती. भात नासणे हे बरणीची स्वच्छता, झाकण, ओलावा आणि जागा यांवर ठरते. शाळेत हा प्रयोग करायचाच असेल, तर एकसारख्या धुतलेल्या वीस बरण्या घ्याव्यात आणि कोणत्या बरणीशी कसे बोलले गेले हे तपासणाऱ्याला सांगू नये. मुलांना विज्ञान तरी शिकायला मिळेल.

मुलाला ‘हुशार’ म्हणावे की नाही? आणि ‘ढ’ म्हटल्याने काय होते?

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली दहा-अकरा वर्षांच्या मुलांना काही कोडी दिली. यशानंतर काहींची ‘तू हुशार आहेस’ अशी, तर काहींची ‘तू खूप मेहनत घेतलीस’ अशी स्तुती केली. नंतर मुद्दाम कठीण कोडी दिल्यावर हुशारीची स्तुती ऐकलेली मुले लवकर कंटाळली, पुढच्या कोड्यांत त्यांची कामगिरी घसरली, आणि दुसऱ्या मुलांना आपले गुण कळवताना ते फुगवून सांगणारेही त्यांच्यातच अधिक निघाले. या कल्पनेवर पुढे मोठे उपक्रम उभे राहिले, पण व्यापक अभ्यासांत त्यांचा परिणाम सुरुवातीला वाटला होता त्यापेक्षा बराच लहान आढळला. त्यामुळे एकदा तोंडून ‘हुशार’ गेले म्हणून पालकांनी हळहळू नये.

माझे स्वतःचे मत असे, की एका शब्दापेक्षा त्या शब्दाभोवतीची व्यवस्था अधिक घातक असते. भंवरकुआं परिसरातील शिकवणी वर्गांच्या फलकांवर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे माणसापेक्षा मोठे छापलेले असतात, वर्गात गुणांनुसार तुकड्या पाडल्या जातात, आणि खालच्या तुकडीतल्या मुलाला ‘ढ’ असे कोणी तोंडाने म्हणण्याची गरजच उरत नाही. घरात मात्र तो शब्द उच्चारला गेला, आणि तो आईच्या, वडिलांच्या किंवा आजोबांच्या तोंडून वारंवार येत राहिला, तर मूल त्याला वर्णन समजून त्याप्रमाणे वागू लागते: प्रश्न विचारत नाही, वही दाखवत नाही, चूक झाली की लपवते. मग शिकणे खरोखरच थांबते आणि म्हणणाऱ्याला आपले म्हणणे खरे झाल्यासारखे वाटते. “तुला अपूर्णांकांची वजाबाकी येत नाही अजून” हे वाक्यही टीकाच आहे, पण त्यात मुलाला काय करायचे ते कळते.

मातृभाषेतले शब्द अधिक का लागतात?

बोस्टनमधील तुर्की-इंग्रजी द्विभाषकांवर २००३ साली झालेल्या अभ्यासात, लहानपणी मुलांना रागावताना वापरली जाणारी वाक्ये तुर्कीत ऐकल्यावर त्वचेच्या विद्युतवाहकतेत, म्हणजे घाम सुटण्याच्या सूक्ष्म प्रमाणात, अधिक वाढ झाली. इंग्रजीत ती कमी होती. जी भाषा आईच्या रागासोबत आणि मायेसोबत शिकली, ती अंगात मुरलेली असते. मोठेपणी पुस्तकातून शिकलेली भाषा तितकी मुरत नाही.

इंदूरच्या मराठी माणसाला हे जसेच्या तसे लागू करता येत नाही, कारण येथे हिंदी परकी भाषा नाही. अंगणातले खेळ, भांडणे, शिव्या आणि मैत्री हिंदीत, तर जेवणाचे ताट आणि आजीचे रागावणे मराठीत, अशी विभागणी लहानपणापासूनच असते. त्यामुळे येथे दोन्ही भाषा लागतात, पण वेगवेगळ्या जागी. ‘सॉरी’ आणि ‘माझं चुकलं’ यांतले अंतर मात्र येथेही स्पष्ट दिसते. ‘सॉरी’ जिन्यावरून उतरता उतरता म्हणता येते. ‘माझं चुकलं, बाबा’ म्हणायला समोर उभे राहावे लागते. घरातले जुने भांडण मिटवायचे असेल, तर कोणते वाक्य वापरावे हे वेगळे सांगायला नको.

शब्द बदलल्याने समाजाची दृष्टी बदलते का?

शब्दासोबत आणखी काही बदलले तर बदलते. २०१६ साली केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने हिंदी नावात ‘दिव्यांग’ हा शब्द स्वीकारला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने मान्य अपंगत्वांचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून किमान ४ टक्के केले. ज्या पालकांच्या मुलाला आधी प्रमाणपत्रच मिळत नव्हते, त्यांना विचारल्यास यातील कोणता बदल उपयोगी पडला हे ते लगेच सांगतील. २०२३ साली महाराष्ट्रात विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ असा शब्द वापरण्याची सूचना पुढे आली तेव्हा तिला विरोध झाला, आणि तो योग्य होता. नावाआधी वैवाहिक स्थितीची पाटी लावण्याची मूळ खोड तिच्यात कायमच होती.

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सलग पहिले आले. ‘गीला कचरा’, ‘सूखा कचरा’ हे शब्द गाडीवरच्या गाण्यातून पोरासोरांच्या तोंडी बसले, पण गाडी दारात रोज येत होती आणि न ऐकणाऱ्याला दंड होत होता म्हणून ते टिकले. ‘सफाई मित्र’ हा शब्द कानाला चांगला वाटतो. त्या मित्राला हातमोजे आणि वेळेवर पगार मिळतो की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही.

आत्महत्येविषयी थेट विचारले, तर तो विचार आपणच समोरच्याच्या डोक्यात घालत नाही का?

नाही. शब्दांच्या शक्तीविषयीचा हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्यात, आत्महत्येच्या विचारांविषयी विचारल्याने ते विचार वाढल्याचे आढळले नाही; उलट काही अभ्यासांत ते थोडे कमी झाल्याचे दिसले. ज्याच्या मनात तो विचार नाही तो आश्चर्याने “नाही, तसं काही नाही” म्हणतो. ज्याच्या मनात आहे, त्याला तो उच्चारता येण्याची जागा मिळते.

विचारताना आडवळण नको. “वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?” या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच भरलेले असते आणि समोरचा तेच देतो. त्याऐवजी एकांतात, हातातला फोन बाजूला ठेवून, “जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?” असे विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये, ‘आईबापांचा विचार कर’ असे म्हणून अपराधीपणा वाढवू नये. कसे आणि केव्हा याचा काही बेत ठरवला आहे का तेही विचारावे, घरातील औषधे, कीटकनाशके अशा वस्तू त्याच्या हाताबाहेर ठेवाव्यात आणि त्याला एकटे सोडू नये. पोलिसांच्या भीतीने घरचे गप्प बसतात, म्हणून हेही सांगितले पाहिजे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे. त्रास असलेल्या माणसासाठी घरातील दुसऱ्या कोणीही तेथे फोन करू शकते, आणि धोका तातडीचा वाटत असेल तर फोनवर वेळ न घालवता त्याला जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे.